बॅटरी उतरल्यानंतर न विझणारा इंजिनचा दिवा: आधी व्होल्टेज मोजा, मग कोड वाचा

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमची २०१८ सालची पेट्रोल हॅचबॅक पेरणीच्या दिवसांत सुमारे तीन आठवडे शेतातील टिनाच्या शेडमध्ये उभी होती. बाहेर काढायला गेलात तेव्हा सेल्फ नुसता टकटक करत राहिला. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी केबलने जोडून गाडी सुरू केली आणि तेव्हापासून मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा सतत जळतो आहे. स्टिअरिंगचाही दिवा लागला होता, पण तो दोन-तीन किलोमीटर गेल्यावर विझला. गाडी चालायला ठीक आहे. गावातील एका मिस्त्रीने बॅटरीचे टर्मिनल रात्रभर काढून ठेवायला सांगितले, दुसऱ्याने ट्रॅक्टरमुळे ईसीएम (इंजिनचा कारभार पाहणारे इलेक्ट्रॉनिक युनिट) जळाल्याचे सांगून नव्या ईसीएमचा खर्च ऐकवला. पुढच्या आठवड्यात आईंना तपासणीसाठी दारव्ह्याहून यवतमाळला न्यायचे आहे आणि या दिव्यासह गाडी न्यावी की नाही, हे तुम्हाला कळत नाही.

मी कारंजा-दारव्हा भागात ऑटो इलेक्ट्रिशियनचे काम करतो आणि पावसाळा लागला की उभ्या राहिलेल्या गाड्यांची नेमकी हीच तक्रार माझ्याकडे येते. तुम्ही विचारले आहे की दिवा कसा घालवावा. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी ठरल्या पाहिजेत: बॅटरी कशामुळे उतरली, आणि आज गाडीला पुरेसे व्होल्टेज मिळते आहे का. ही दोन उत्तरे हातात नसताना दिवा घालवला तर तो पुन्हा लागेल, आणि कदाचित अशा ठिकाणी लागेल जिथे मदतीला ट्रॅक्टरही नसेल. गाडी प्रत्यक्ष न पाहता मी जे सांगतो आहे त्यात गाडीचे मॉडेल, बॅटरीचे वय आणि नंतर बसवलेली उपकरणे यांनुसार फरक पडू शकतो. तरीही तपासणीचा क्रम मात्र जवळजवळ प्रत्येक गाडीला तोच लागू पडतो.

ईसीएम जळाल्याच्या शंकेबद्दल आधी बोलतो, कारण तिच्यामुळेच तुमची झोप उडालेली दिसते. आपल्याकडील शेतीचे ट्रॅक्टर १२ व्होल्टवर चालतात आणि कारही १२ व्होल्टवरच चालते, त्यामुळे ट्रॅक्टरच्या बॅटरीने कार सुरू करण्यात मुळात काही गैर नाही. ट्रॅक्टरची बॅटरी मोठी असते म्हणून ती कारमध्ये जास्त करंट ढकलते, ही समजूत चुकीची आहे. सेल्फला जेवढा करंट हवा तेवढाच तो ओढतो. ईसीएम खरोखर जळाले असते तर बहुधा गाडी सुरूच झाली नसती, किंवा सुरू होऊन अडखळत राहिली असती. तुमची गाडी एका फटक्यात सुरू होते, आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) स्थिर राहते आणि दिवा लावण्याचे कामही तेच ईसीएम करते आहे. त्यामुळे स्कॅनर लावून कोड, म्हणजे ईसीएमने करून ठेवलेली बिघाडाची नोंद, वाचल्याशिवाय नव्या ईसीएमसाठी एक रुपयाही देऊ नका.

धोका दोन-तीन विशिष्ट परिस्थितींत असतो आणि त्या येथे सांगणे मला आवश्यक वाटते. मालवाहू ट्रक आणि एसटी बस यांची वायरिंग २४ व्होल्टची असते, त्यांच्यावरून कार कधीही सुरू करू नये. ट्रकच्या दोनपैकी एकाच बॅटरीवर केबल लावतो असे कोणी म्हणाले तरी अंधारात, घाईत गफलत होते, म्हणून तो मार्ग टाळावा. दुसरे म्हणजे केबल जोडताना ट्रॅक्टरचे इंजिन बंद असावे. जुन्या ट्रॅक्टरचा रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलेला असेल आणि कोणी जोरात रेस दिली तर व्होल्टेज १५ च्या वर जाऊ शकते. तिसरे म्हणजे केबल उलटी लागणे. क्षणभर जरी प्लस-मायनस उलटे लागले तरी मोठा फ्यूज किंवा अल्टरनेटरचे (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) डायोड जाऊ शकतात. तसे झाले असते तर तुमच्या मीटरवर बॅटरीचा लाल दिवा दिसला असता किंवा गाडीतील अर्धी उपकरणे बंद पडली असती. तुम्ही तसे काही लिहिलेले नाही. पुढच्या वेळेसाठी क्रम असा ठेवा: लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसवर, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसवर, काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसवर आणि तिचे दुसरे टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनवरील रंग नसलेल्या लोखंडावर, बॅटरीपासून दूर. शेवटची ठिणगी बॅटरीपाशी उडू नये यासाठी हे करायचे असते, कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेतो. काढताना हाच क्रम उलट करावा.

मग दिवा लागला कशामुळे? सेल्फ मारताना बॅटरीवर शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहून अधिक भार पडतो. बॅटरी बसलेली असेल तर त्या क्षणी व्होल्टेज ९ च्याही खाली कोसळते. तेवढ्यात ईसीएम, पॉवर स्टिअरिंगचे युनिट आणि एबीएसचे (ब्रेक लावताना चाके लॉक होऊ न देणारे) युनिट अर्धवट बंद पडून पुन्हा सुरू होतात. गाडीतील ही युनिटे एकमेकांना सतत निरोप पाठवत असतात. एकाचा निरोप आला नाही की दुसरे युनिट तशी नोंद करून ठेवते. व्होल्टेज कमी झाल्याचा स्वतंत्र कोडही असतो, पी ०५६२ हा त्यातला नेहमी दिसणारा. निरोप तुटल्याचे कोड यू अक्षराने सुरू होतात. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग भरपूर करंट खाते, म्हणून व्होल्टेज पडले की ते आधी मान टाकते आणि व्होल्टेज सावरले की त्याचा दिवा आपोआप जातो. तुमच्या गाडीत नेमके हेच झालेले दिसते आणि ते आश्वासक लक्षण आहे. तो दिवा पुन्हा लागला तर इंजिन सुरू ठेवून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि मग सरळ करून थोडे अंतर सरळ चालवून पाहा. काही मॉडेलमध्ये तेवढ्याने स्टिअरिंगच्या सेन्सरला पुन्हा मध्य सापडतो.

कोडकडे पाहण्याची माझी पद्धत शेताच्या पंचनाम्यासारखी आहे. पंचनाम्यात काय दिसले ते लिहिलेले असते. नुकसान कशाने झाले, हे ठरवायला प्रत्यक्ष बांधावर जावे लागते. म्हणून टर्मिनल रात्रभर काढण्याचा सल्ला मला पटत नाही. त्याने जुन्या गाड्यांत दिवा जातो हे खरे, पण त्याबरोबर कोड आणि कोड पडला त्या क्षणाची माहितीही जाते, आणि इंजिनने आयडलसाठी शिकून ठेवलेले आकडे पुसले गेल्याने गाडी काही दिवस आयडलला खालीवर होऊ शकते. अनेक नव्या गाड्यांत तर कोड पुसलेही जात नाहीत. याहून वाईट सवय म्हणजे अल्टरनेटर चालतो का हे पाहण्यासाठी चालू गाडीचे टर्मिनल उपसणे. डायनामोच्या काळातील गाड्यांना ते सोसायचे. आजच्या गाडीत बॅटरी अचानक निघाली की अल्टरनेटरचे व्होल्टेज क्षणभर प्रचंड उसळते आणि खरोखरच ईसीएम जाऊ शकते. तुमच्या गाडीवर कोणालाही हे करू देऊ नका.

आता प्रत्यक्ष काम. तालुक्याच्या ठिकाणी इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांत साधा डिजिटल मल्टीमीटर मिळतो. तो डीसी व्होल्टवर, २० च्या खुणेवर ठेवा. पहिले मोजमाप सकाळी घ्या, गाडी रात्रभर उभी असताना आणि दार उघडून आतले दिवे लागण्यापूर्वी, म्हणजे बॉनेट आदल्या संध्याकाळीच उघडून नुसते टेकवून ठेवा. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर १२.६ च्या आसपास आकडा आला तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली असेल तर ती जवळजवळ रिकामी समजावी. गाडी चालवून आल्यावर लगेच मोजू नका, कारण तेव्हा आकडा वरवर फुगलेला असतो.

दुसरे मोजमाप सेल्फ मारताना, घरातील कोणाला तरी चावी फिरवायला सांगून घ्या. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी कमजोर आहे किंवा भरलेली नाही. तिसरे इंजिन सुरू झाल्यावर: १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. हेडलाइट, एसीचा पंखा आणि वायपर एकदम लावूनही तो १३.२ च्या खाली टिकून राहिला तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहावा लागेल, आणि १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर. ज्या गाड्यांत सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होते त्यांचा अल्टरनेटर गरजेनुसार व्होल्टेज कमीजास्त करतो, त्यामुळे हे आकडे त्यांना जसेच्या तसे लावू नयेत.

चौथे मोजमाप बहुतेक जण करत नाहीत आणि माझ्या अनुभवात पावसाळ्यातील निम्मी कोडी तिथेच सुटतात. मीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर, खुद्द शिशावर, घट्ट दाबा आणि दुसरे टोक इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवून सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर अर्थिंग (बॅटरीच्या मायनसची इंजिन-बॉडीशी जोडणी) ठीक आहे, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर बॅटरी आणि इंजिन यांच्यामध्ये कुठेतरी करंट अडतो आहे. मग इंजिनवरचे टोक खुंटीला आवळलेल्या क्लॅम्पवर ठेवून पुन्हा सेल्फ मारून पाहा. खुंटी आणि क्लॅम्प एकमेकांना चिकटलेले दिसतात, पण त्यांच्यामध्ये पांढरट-हिरवट पावडरीचा पातळ थर असला की मीटर तिथेही व्होल्टेज दाखवतो. असे आढळले तर मायनस आधी, प्लस नंतर काढून दोन्ही क्लॅम्प कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवा, बारीक पॉलिश पेपरने आतून घासा, कोरडे करून घट्ट आवळा आणि सगळे बसल्यावर वरून व्हॅसलिन लावा. अर्थिंगची पट्टी जिथे बॉडीला नटाने बसते ती जागाही घासून घ्या. कोडची माहिती जाऊ नये म्हणून हे धुण्याचे काम मात्र स्कॅन झाल्यानंतर करा. क्लॅम्प अगदीच सैल असेल तर तो न काढता नुसता आवळून घ्या.

तुमची बॅटरी तीन आठवड्यांत का बसली, याचा हिशेब करता येतो. चावी काढलेल्या गाडीतही घड्याळ, सेंट्रल लॉक आणि ईसीएमची स्मृती मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर करंट खातात. ५० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात आणि ३५ अँपिअर-तासाच्या बॅटरीतून तीन आठवड्यांत २५ निघून जातात. गाडीत काही बिघाड नसतानाही असे होऊ शकते. नंतर बसवलेला जीपीएस ट्रॅकर, स्टीरिओ किंवा कॅमेरा असेल तर हे त्याहून लवकर घडते. त्यात आपल्याकडचा उन्हाळा आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि टिनाखाली उभ्या गाडीच्या बॉनेटमध्ये त्याहून जास्त तापते. उष्णतेने बॅटरीतील पाणी उडते आणि प्लेटा झिजतात. बॅटरी उन्हाळ्यात खराब होते, पण तिचे खराब होणे आपल्याला जून-जुलैत किंवा थेट थंडीत कळते. पाणी घालण्याची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातील क्षारयुक्त पाणी बॅटरीत ओतलेले मी पाहिले आहे. त्याने प्लेटा लवकर जातात. विहिरीचे पाणी गोड लागत असले तरी ते बॅटरीच्या कामाचे नसते.

पूर्ण उतरलेली बॅटरी गाडी फिरवून भरेल, या भरवशावर राहू नका. अल्टरनेटर बॅटरी टिकवून धरण्यासाठी असतो, तळातून भरण्यासाठी नसतो, आणि गाव ते तालुका एवढ्या फेऱ्यांत तर ती अर्धीही भरत नाही. बॅटरी दारव्ह्यातील एखाद्या बॅटरीवाल्याकडे सावकाश चार्जिंगला लावा. ३५ अँपिअर-तासाच्या बॅटरीला साधारण साडेतीन अँपिअरवर दहा-बारा तास लागतात. त्यासाठी बॅटरी गाडीतून काढावी लागेल, म्हणून शक्य असेल तर आधी कोड वाचून घ्या. चार्ज झाल्यावर ती रात्रभर काही न जोडता ठेवायला सांगा. सकाळी १२.४ च्या खाली आली तर तिच्यातील एखादा सेल गेला आहे आणि बॅटरी बदलणे भाग आहे. हायड्रोमीटरने (बॅटरीतील आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने) प्रत्येक सेल तपासून घेता आला तर उत्तम; एका सेलचे वाचन बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तोच दोषी. वॉरंटी कार्ड सोबत न्या.

एक शक्यता वेगळी सांगतो, कारण गाडी शेतातील शेडमध्ये होती. शेडमध्ये बियाण्याची पोती, कडबा, ढेप असेल तर तिथे उंदीर असतात आणि उभ्या गाडीच्या बॉनेटमध्ये ते बिनधास्त राहतात. बॅटरीच्या प्रकरणाशी काहीही संबंध नसताना कुरतडलेल्या सेन्सरच्या वायरमुळे हाच पिवळा दिवा लागलेल्या गाड्या माझ्याकडे दर पावसाळ्यात येतात. टॉर्च घेऊन इंजेक्टरच्या वायरी, ऑक्सिजन सेन्सरची वायर आणि एअर फिल्टरचा डबा बघा. लेंड्या, कापसाचे बोळे किंवा वायरीचे रंगीत तुकडे दिसले तर मिस्त्रीला ते आधी दाखवा.

कोड वाचण्यासाठी स्टिअरिंगच्या खाली, पायांच्या वर सोळा पिनांचे सॉकेट असते. मोबाइलला ब्लूटूथने जोडणारा स्वस्त स्कॅनर इंजिनचे कोड वाचतो. एबीएस, एअरबॅग आणि स्टिअरिंगचे कोड वाचायला मात्र बहुतेक वेळा गॅरेजमधला मोठा स्कॅनर लागतो. कोड दिसला की पुसण्याआधी पडद्याचा फोटो घ्या आणि कोड पडला त्या क्षणाची माहितीही उघडायला सांगा. त्यात गाडीचा वेग शून्य, इंजिन थंड, इंजिनचे फेरे मिनिटाला दोन-तीनशेच्या आत आणि व्होल्टेज दिलेले असल्यास ते ९-१० च्या खाली दिसले, तर कोड सेल्फ मारताना पडला हे उघड आहे. तो पुसून टाका आणि काही दिवस गाडी वापरा. याउलट वेग ५० आणि इंजिन गरम असताना कोड पडलेला असेल, किंवा कोड पी ०१७१ अथवा पी ०३०० यांसारखा हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा किंवा मिसफायरचा (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचा) असेल, तर बॅटरीला दोष देणे थांबवून तो बिघाड स्वतंत्रपणे शोधावा लागेल.

स्कॅनर मिळेपर्यंत दिवा आपोआप गेला तरी घाबरू नका. दोष पुन्हा आढळला नाही तर लागोपाठ तीन व्यवस्थित फेऱ्यांनंतर बहुतेक गाड्यांत ईसीएम दिवा स्वतःच विझवते. येथे फेरी म्हणजे गाडी सुरू करून, पुरेशी चालवून, बंद करणे. कोड स्मृतीत त्यानंतरही बराच काळ राहतो, त्यामुळे तो नंतरही वाचता येतो.

यवतमाळच्या प्रवासाबद्दल. बॅटरी चार्ज केलेली असेल, वरची मोजमापे ठीक असतील आणि फक्त इंजिनचा पिवळा दिवा स्थिर जळत असेल, तर मी स्वतः माझ्या घरच्यांना त्या गाडीतून नेले असते. दिवसा निघा, आणि आईंची तपासणी सुरू असताना गाडी तिथल्या एखाद्या गॅरेजमध्ये स्कॅन करून घ्या. दोन कामे एका फेरीत होतील. तोच दिवा लुकलुकू लागला तर इंजिन मिसफायर करते आहे असा त्याचा अर्थ असतो आणि न जळालेले पेट्रोल सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जाळून टाकते. गाडी बाजूला घ्या. ऑइलचा, तापमानाचा किंवा ब्रेकचा लाल दिवा लागला तर पुढे जाऊ नका. बॅटरीचा लाल दिवा लागला तर अल्टरनेटर थांबला आहे. काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही चालतो, म्हणून आधी तापमान पाहा आणि पट्टा तुटला असेल तर इंजिन लगेच बंद करा. एअरबॅगचा दिवा गाडी थांबवत नाही, पण त्या वायरींना मीटर किंवा टेस्ट लॅम्प कोणालाही लावू देऊ नका. आणि आई सोबत असताना पुन्हा गाडी सुरू झाली नाही तर धक्का मारत बसण्यापेक्षा जम्पर केबल डिकीत ठेवलेली बरी. ती जाड, शुद्ध तांब्याची घ्या, बाजारात मिळणारी बारीक केबल तापते आणि सेल्फ फिरवत नाही.

निघण्यापूर्वी चारही मोजमापे कागदावर लिहा, बॅटरीवर छापलेला महिना-साल टिपून घ्या, आणि स्कॅन झाल्यावर कोडच्या फोटोसह मला कळवा. सेल्फ मारतानाचा आकडा आणि अर्थिंगचा आकडा सोबत असेल तर बॅटरी बदलावी की नुसती अर्थिंगची पट्टी, हे मला येथूनही बऱ्याच खात्रीने सांगता येईल.